शाळेची एस. टी. आणि सार्वजनिक पैसा : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

सार्वजनिक खर्चात काटकसर करण्याची वेळ आली, म्हणजे ज्या सेवांचे उत्पन्न अल्प व खर्च ठळकपणे दिसणारा, त्यांच्यावर प्रथम दृष्टी जाते. ग्रामीण भागातील शालेय बसफेरी ही अशा सेवांपैकी एक होय. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचा संचित तोटा २०२५ साली १० हजार कोटी रुपयांच्या वर गेला. त्याच वर्षी जानेवारीत प्रवासी भाड्यात १४.९५ टक्के वाढ करण्यात आली. अशा परिस्थितीत कमी उत्पन्नाच्या फेऱ्या बंद कराव्यात, हा विचार स्वाभाविक आहे व तो केवळ भावनेच्या आधारे फेटाळता येणार नाही. परंतु अशी फेरी बंद केल्याने नेमका किती पैसा वाचतो आणि तो कोणाच्या पदरातून वाचतो, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी शोधल्याशिवाय निर्णय करणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. बुलढाणा जिल्हा या दृष्टीने अभ्यासास विशेष उपयुक्त आहे.

या जिल्ह्यात १३ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८६,२५८ होती. त्यांतील सुमारे चार पंचमांश लोक खेड्यांत राहतात. उत्तरेस सातपुड्याचा पायथा, मध्ये पूर्णेचे खोरे व दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठार अशी याची रचना आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव या उत्तरेकडील पट्ट्यातून जातो आणि जलंबहून एक फाटा खामगावास येतो. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे दक्षिणेकडील तालुके रेल्वेवाचून आहेत. जालना-खामगाव लोहमार्गाची मागणी शतकाहून जुनी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला व तो याच दक्षिण भागातून गेला. तथापि खेड्यातून तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग नाही. त्याचे साधन म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, शेगाव, मलकापूर व जळगाव जामोद या सात आगारांतून सुटणारी एस. टी.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्यानंतर या सेवेचे अर्थकारण एका साध्या तत्त्वावर उभे राहिले : लांब पल्ल्याच्या, भरलेल्या गाड्यांच्या उत्पन्नातून आडमार्गावरील अर्ध्या रिकाम्या गाड्यांचा भार उचलावयाचा. पुढे खासगी प्रवासी वाहनांनी किफायतशीर मार्गांवरील प्रवासी आपल्याकडे ओढले आणि हा समतोल ढळला. खेड्यांचा भार तेवढाच राहिला; तो उचलणारा खांदा मात्र अशक्त झाला. शासनाचा व महामंडळाचा व्यवहारही एकतर्फी नाही. एका बाजूस शासन सवलतींची प्रतिपूर्ती करते, तर दुसऱ्या बाजूस प्रवासी भाड्यावर १७.५ टक्के प्रवासी कर घेत आले आहे. म्हणून तोट्याचा आकडा वाचताना या दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्या लागतात.

विद्यार्थ्यांच्या प्रवासास सध्या तीन प्रकारचे साहाय्य मिळते. पहिले, मासिक पासावरील ६६.६७ टक्के सवलत. दुसरे, अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींना मिळणारा मोफत पास. ही योजना प्रथम ५ वी ते १० वीसाठी होती व पुढे १२ वीपर्यंत वाढविण्यात आली. तिसरे, मानव विकास कार्यक्रमाखालील निळ्या गाड्या. राज्यातील २२ जिल्ह्यांतील १२५ मागास तालुक्यांत ८ वी ते १२ वीच्या मुलींसाठी २०११-१२ पासून प्रत्येक तालुक्यास प्रथम पाच याप्रमाणे या गाड्या देण्यात आल्या. बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्यांचाही त्यांत समावेश आहे.

आता बचतीचा हिशेब पाहू. एखाद्या फेरीचा तोटा सामान्यतः प्रतिकिलोमीटर सरासरी खर्चातून त्या फेरीचे उत्पन्न वजा करून काढला जातो. या सरासरीत डिझेल व टायर असतात. त्याचप्रमाणे चालक-वाहकांचे वेतन, आगाराचा खर्च, गाडीची घसारा-रक्कम व कार्यालयीन खर्चही असतो. फेरी बंद झाली तर डिझेल निश्चित वाचते. परंतु चालकाचे वेतन, आगाराची इमारत आणि गाडीची किंमत वाचत नाही. ती रक्कम उरलेल्या फेऱ्यांवर वाटली जाते. त्यामुळे त्यांचा सरासरी खर्च वाढतो आणि कालपर्यंत जेमतेम तग धरणारी दुसरी फेरी आज तोट्याची ठरते. म्हणून विचारात घ्यावयाचा तो सरासरी खर्च नव्हे, तर खरोखर टाळता येण्याजोगा खर्च होय.

उत्पन्नाच्या बाजूसही असाच दृष्टिभ्रम संभवतो. पास महिन्यातून एकदा काढला जातो. रोजच्या फेरीत त्याची रोकड वाहकाच्या हाती पडत नाही. मोफत पासाचे मूल्य तर शासनाकडून प्रतिपूर्तीच्या रूपाने नंतर येते. त्यामुळे विद्यार्थ्यांनी खच्चून भरलेली गाडी रोकड उत्पन्नाच्या तक्त्यात जवळजवळ रिकामी दिसू शकते. केवळ त्या तक्त्यावरून फेरीची परीक्षा करणे म्हणजे धान्य मोजण्याचे माप पाण्याला लावणे होय.

दुसरी बाब रिकाम्या किलोमीटरांची. उदाहरणादाखल आगारापासून १८ किलोमीटरांवर एक गाव आहे असे समजू. सकाळी गाडी रिकामी जाऊन विद्यार्थ्यांना घेऊन येते आणि सायंकाळी त्यांना पोहोचवून रिकामी परतते. दिवसाचे ७२ किलोमीटर झाले. त्यांतील ३६ निष्फळ. हीच गाडी सायंकाळी विद्यार्थ्यांना नेऊन गावातच मुक्कामी राहिली व सकाळी त्यांना घेऊन निघाली, तर ३६ किलोमीटरांतच काम होते. दिवसा ती अन्य मार्गावर धावू शकते. मुक्कामी गाडीची जुनी पद्धत ही केवळ गावाची सोय नव्हती. ती एक काटकसरीची युक्तीही होती. चालक-वाहकांच्या निवाऱ्याची, पाण्याची व स्वच्छतागृहाची व्यवस्था गावाने केल्यास ही पद्धत नीट चालू शकते. एका गावची फेरी रद्द करण्यापूर्वी अशा उपायांचा विचार झाला आहे काय, हे तपासणे आवश्यक आहे.

बचत कोणाच्या पदरातून होते, हा दुसरा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील पुरुषांची साक्षरता सुमारे ९१ टक्के, तर स्त्रियांची सुमारे ७६ टक्के आढळली. गावची शाळा सामान्यतः चौथी, सातवी वा आठवीपर्यंत असते. त्यापुढे अंतर सुरू होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याखालील राज्याच्या नियमांत १ ली ते ५ वीसाठी एक व ६ वी ते ८ वीसाठी तीन किलोमीटरांच्या आत शाळा अपेक्षित आहे. पण हा कायदा ६ ते १४ या वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. ज्या इयत्तेपासून अंतर वाढते, त्याच इयत्तेपासून कायद्याचे संरक्षण संपते. नववीतील मुलगा मिळेल त्या वाहनाने, प्रसंगी कोणाच्या दुचाकीवर बसून जातो. मुलीच्या बाबतीत हिवाळ्यातील सायंकाळचा अंधार, पावसाळ्यातील नाले आणि घरच्यांची काळजी यांचा निकाल बहुधा शाळा सोडण्यात लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाल्याचे दिसून आले. शाळा सुटणे व लग्न ठरणे यांतील अंतर पुष्कळदा फार थोडे असते.

अंतराचा हा परिणाम इतरत्र मोजला गेला आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार तिच्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींच्या वयोचित नोंदणीत ३२ टक्के वाढ झाली व मुलामुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळेपासून दूर असलेल्या गावांत हा लाभ अधिक होता. याचा अर्थ असा की, मुलींना रोखणारे कारण केवळ पालकांची अनास्था नव्हते. रस्त्याची लांबी हेही होते, आणि ते कारण पैशाने दूर करता येते.

याच्या उलट अनुभव महाराष्ट्राने २०२१-२२ मध्ये घेतला. साथीमुळे बंद असलेल्या ग्रामीण शाळांचे ५ वी ते १२ वीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून उघडले. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला व तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. शाळा उघडी, शिक्षक हजर, पण गाडी नाही, अशी स्थिती खेड्यांनी भोगली. शिक्षणावरील सर्व खर्च चालू असताना त्याचा लाभ घेण्याची वाट बंद राहिली, तर तो खर्चही त्या प्रमाणात वाया जातो, हे यावरून ध्यानी यावे.

येथेच धोरणातील एक विसंगती दिसते. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा स्थापण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने २०२३ मध्ये मागविले. त्यांतील बचत विद्यार्थ्यांना वाहनाने नेण्याच्या गृहीतकावर उभी आहे. एक खाते गाडीच्या भरवशावर शाळा मिटविते आणि दुसरे तोट्याच्या कारणाने गाडी मिटविते, असे झाल्यास एकाच रुपयाची बचत दोनदा मांडली जाते व विद्यार्थी दोहोंकडून वगळला जातो.

यावरून प्रत्येक शालेय फेरी चिरकाल चालवावी असा निष्कर्ष निघत नाही. अर्ध्या तासाच्या अंतराने धावणाऱ्या दोन फेऱ्या एक करता येतील. शाळांच्या वेळा जुळवून एका गाडीकडून दोन खेपा घेता येतील. पाच किलोमीटरांच्या आत सायकल हे स्वस्त साधन आहे; मात्र राजूर घाटासारख्या चढणीवर किंवा जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांनी अनुभवलेल्या पुरात ते निरुपयोगी होय. जेथे विद्यार्थीसंख्या खरोखर अत्यल्प आहे, तेथे लहान वाहन वा वसतिगृह यांचा खर्च तोलून पाहावा.

तात्पर्य, फेरीची कसोटी प्रतिकिलोमीटर उत्पन्न ही नसून एका विद्यार्थ्यास एक दिवस शाळेत पोहोचविण्यास येणारा टाळता येण्याजोगा खर्च ही असावयास हवी. आणि त्याची तुलना त्याच विद्यार्थ्यासाठी शाळा, शिक्षक वा वसतिगृह यांवर अन्यथा कराव्या लागणाऱ्या खर्चाशी व्हावयास हवी. फेरी बंद करण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा त्या गावातील ८ वी ते १२ वीच्या मुलींची यादी शाळेकडून मागवून ती आगाराच्या तक्त्याशेजारी ठेवावी. आगाराच्या हिशेबात जी बचत दिसते, ती जिल्ह्याच्या हिशेबातही बचत आहे की केवळ एका वहीतून दुसऱ्या वहीत ढकललेले नुकसान आहे, हे दोन्ही कागद एकत्र वाचल्यावरच समजू शकेल.