दुधाचा भाव आणि निवडणुकीची थैली

संघटित होऊन आपल्या मालास योग्य भाव मागणें हा शेतकऱ्याचा न्याय्य हक्क आहे. परंतु तो हक्क बजावतांना संघाची थैली कोठें उघडावी व कोठें उघडूं नये, हा विवेक सुटला म्हणजे न्याय्य मागणीसही कसा डाग लागतो, याचें बोधप्रद उदाहरण अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत घडलेलें आहे. तें दूध उत्पादकांचेंच असल्यामुळें आमच्या शेतकरी बंधूंनीं तें लक्षपूर्वक वाचावें.

तेथील उमेदवारास प्रचाराचा पैसा मुख्यतः वर्गणीदारांकडूनच मिळवावा लागतो. आणि ज्याची वर्गणी मोठी त्याचें गाऱ्हाणें आधीं ऐकलें जातें, ही भीति तेथील लोकांस फार जुनी आहे. १८९६ सालीं मॅकिन्ले यांच्या निवडणुकीकरितां मार्क हॅना या कारखानदारानें बँकांवर त्यांच्या भांडवलाच्या शेंकडा पाव या दरानें जणूं पट्टीच बसविली होती. अशा प्रकारांवरून ओरड होऊन १९०७ सालीं टिलमन यांचा कायदा झाला, व कंपन्यांनीं मध्यवर्ती सरकारच्या निवडणुकींत पैसे देणें बेकायदा ठरलें. कायदा झाला खरा. पण त्याची अंमलबजावणी पाहणारी स्वतंत्र कचेरी मात्र पुढें कित्येक वर्षें निर्माण झाली नाहीं.

आतां दुधाची हकीगत. १९४९ च्या शेतकी कायद्यान्वयें तेथील सरकार लोणी, चीज व दुधाची भुकटी खरेदी करून दुधाचा भाव ठराविक मर्यादेखालीं जाऊं देत नसे. हा आधारभाव ‘पॅरिटी’च्या शेंकडा ७५ ते ९० या दरम्यान ठरवावयाचा असे. पॅरिटी म्हणजे, शेतमाल विकून १९१० ते १९१४ या काळांत जितका अन्य माल घेतां येई, तितकाच घेतां यावा असा भाव. ता. १२ मार्च १९७१ रोजीं शेतकीमंत्री हार्डिन यांनीं हा आधारभाव पूर्वींइतकाच, म्हणजे १०० पौंड दुधास ४.६६ डॉलर, राहील असें जाहीर केलें. ता. २३ रोजीं दूध संघांचे पुढारी अध्यक्ष निक्सन यांस भेटले, आणि ता. २५ रोजीं तोच भाव ४.९३ डॉलर ठरला.

खर्च वाढल्याची उत्पादकांची तक्रार निराधार नव्हती. परंतु या मागणीच्या पाठीमागें एक थैलीही होती. या संघांपैकीं सर्वांत मोठा, ‘असोसिएटेड मिल्क प्रोड्यूसर्स’, हा टेक्ससमधील सुमारें ४०,००० सभासदांचा सहकारी संघ. १९७० च्या अखेरीसच अध्यक्षांच्या पुढील निवडणुकीकरितां वीस लक्ष डॉलर देण्याचा मनोदय त्यानें कळविला होता. त्यापूर्वीं, १९६९ च्या ऑगस्टांत, एक लक्ष डॉलर रोख अध्यक्षांच्या खासगी वकिलाच्या हातीं पोंचते झाले होते. ही रक्कम हिशेबांत दिसूं नये म्हणून वकिलांस व सल्लागारांस जादा मेहनताना दिल्याचें दाखवून ती फिरविण्यांत आली. पुढील रकमाही अडीच अडीच हजार डॉलरांचे तुकडे करून अनेक नामधारी समित्यांच्या नांवें दिल्या गेल्या. ज्यानें जमाखर्चाचें दप्तर पाहिलें आहे त्यास सांगावयास नको कीं, सरळ व्यवहारास इतकीं वळणें लागत नाहींत.

१९७२ सालीं राल्फ नाडर यांनीं या भाववाढीविरुद्ध दावा लावला. पुढें सेनेटच्या वॉटरगेट समितीनेंही चौकशी केली. थैली व भाव यांचा संबंध निक्सन यांनीं नाकारला. वर्गणीचें वचन आपणांस ठाऊक होतें, पण कायदेमंडळाचा दबाव असल्यामुळें भाव वाढविला, असें त्यांनीं १९७४ सालीं जाहीर केलें. लांच घेतल्याचा आरोप आलेले माजी कोषमंत्री कॉनली १९७५ सालीं निर्दोष सुटले. संघ मात्र सुटला नाहीं. बेकायदा वर्गण्यांचा गुन्हा त्यानें १९७४ सालीं कबूल केला व त्यास ३५,००० डॉलर दंड झाला. त्याच्या दोघां अधिकाऱ्यांस कारावास भोगावा लागला. पहांटे उठून गोठा झाडणाऱ्या सभासदाच्या पदरीं अपकीर्तीच आली.

त्याच वर्षीं वर्गणीचा कायदा कडक झाला. एका व्यक्तीनें एका उमेदवारास एका निवडणुकींत १,००० डॉलरांहून अधिक व संघटनेच्या समितीनें ५,००० डॉलरांहून अधिक देऊं नये असें ठरलें. हिशेब तपासण्यासाठीं सहा सभासदांचें निवडणूक कमिशन नेमण्यांत आलें. त्यांत एका पक्षाचे तिघांहून अधिक सभासद नसावे व निर्णयास चार मतें पडावींत, असा नियम आहे. यामुळें पक्षपातास आळा बसतो. पण तीन विरुद्ध तीन अशीं मतें पडलीं म्हणजे कामही अडतें. २०१९ व २०२५ सालीं तर चार सभासदही उरले नव्हते.

न्यायालयानेंही या बांधास मोठें भगदाड पाडलें. १९७६ च्या ‘बकली’ खटल्यांत वर्गणीची मर्यादा कायम राहिली, पण खर्चाची मर्यादा रद्द झाली. कारण प्रचारासाठीं पैसा खर्चणें हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग मानला गेला. २०१० सालीं ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यांत पांच विरुद्ध चार मतांनीं असें ठरलें कीं, उमेदवाराशीं संगनमत न करितां कंपन्यांनीं व कामगार संघांनीं हवा तितका खर्च करावा. त्याच वर्षींच्या आणखी एका निकालामुळें, उमेदवारास पैसे न देतां स्वतंत्र प्रचारच करणाऱ्या समित्यांस अमर्याद वर्गणी घेण्यास मोकळीक मिळाली. १९०७ ची बंदी आजही पुस्तकांत आहे. पण पाणी बांधाच्या बगलेनें वाहतें.

तेव्हां कोणत्याही सहकारी संघाच्या सभासदानें यांतून काय घ्यावें? गाऱ्हाणें घेऊन सरकारच्या दारीं जाणें यांत लाजिरवाणें कांहीं नाहीं. परंतु तें उघड्या दारानें जावें. संघाचा पैसा थेंबें थेंबें साचलेला असतो, व त्याचा मालक पुढारी नसून सभासद असतो. म्हणून वार्षिक सभेंत प्रत्येकानें कीर्द पुढें ओढून विचारावें, ‘ही रक्कम कोणास दिली व कशासाठीं?’ या प्रश्नाचें उत्तर सर्वांदेखत देतां येत नसेल, तर तो खर्च संघाच्या हिताचा नव्हे असें खुशाल समजावें.