बदललेलं बाळ, एकटी पडलेली आई

मेलनी गोल्डिंग यांच्या ‘लिटल डार्लिंग्ज’ (२०१९) या कादंबरीतल्या लॉरेनला वाटतं, आपली जुळी बाळं कुणीतरी बदलली. बाळं खरंच बदलली का, याहून मला महत्त्वाचं वाटतं ते तिचं एकटेपण. पऱ्या खरं बाळ पळवून त्याच्या जागी आपलं ठेवतात, ही समजूत जुनी आहे. आयर्लंडमध्ये १८२६ साली, चालता-बोलता न येणाऱ्या मायकेल लीही या चिमुरड्यातली ‘परी’ घालवायला ॲन रोश या म्हातारीनं त्याला सलग तीन सकाळी फ्लेस्क नदीत बुचकळलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. ज्यूरीनं तिला निर्दोष सोडलं; हेतू मुलाला मारण्याचा नव्हता, बरं करण्याचा होता, असं साक्षीत आलं होतं. बदललेल्या बाळांच्या अशा कथांनी आयांच्या दुःखाला वाट दिली, असं कुणी म्हणेल. दिली, पण किंमत मुलांनी मोजली. आणि लॉरेनसारखं वाटणं हे आजारपणही असू शकतं: बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार हजारात एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि वेळीच उपचार मिळाले तर बहुतेकजणी बऱ्या होतात.