गडहिंग्लजहून हुकूमशाहीत बिऱ्हाड हलवताना

मंडळी, घर बदलायचंच असेल तर कादंबऱ्यांतली हुकूमशाही राज्यंही बघून ठेवा.

ऑर्वेलच्या '१९८४' (प्रकाशन १९४९) मधल्या लंडनला निघालात तर संकेश्वरी मिरचीची पूड भरपूर घ्या, तिथल्या कॅन्टीनमधल्या पाणचट रश्श्यावर दुसरा इलाज नाही. दाढीची पाती पण घ्या, तिथं शोधून मिळत नाहीत. चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर येतं आणि लगेच टेलिस्क्रीन सांगतो, वाढवून २० केलं! लोक आभाराचे मोर्चे काढतात. तुम्हीही सामील व्हा, पण चेहरा सांभाळा. नुसता चेहऱ्यावर संशय दिसला तरी तिथं गुन्हा. आपलं फुटबॉल मॅच बघतानाचं तोंड आठवा, म्हणजे धोका कळेल. ऑर्वेल जन्मला बिहारात, मोतिहारीला, १९०३ साली. ही ओळख मात्र तिथं कामाला येणार नाही.

झम्यातिनच्या 'वुई'त माणसांना नंबर, घरं काचेची आणि पडदा ओढायला गुलाबी कूपन. आमच्या गल्लीत कुणाकडं काय शिजलंय हे काचेशिवायच कळतं, तेव्हा रुळायला वेळ लागणार नाही.

हक्स्लेच्या राज्यात मन खट्टू झालं की सोमाची गोळी. फक्त ठेच लागल्यावर 'आई गं' ओरडू नका, आई तिथं अश्लील.

माझी पसंती 'फॅरनहाइट ४५१' (१९५३). बंब येतो तो पुस्तकं जाळायला, मागं आठ पायांचं यांत्रिक कुत्रं. पण रेल्वेचे रूळ धरून गावाबाहेर गेलात की पुस्तकं पाठ केलेली माणसं भेटतात. मी पातळसा कथासंग्रह धरलाय. जाडजूड कादंबऱ्या दांडग्या पाठांतरवाल्यांनी वाटून घ्याव्यात.