सुवार्तेच्या हाती टाळ

ख्रिस्ती मराठीचा आढावा १६१६ पासून सुरू करायचा असा प्रघात आहे. मीही तिथूनच सुरुवात करतो, पण थोड्या वेगळ्या कारणासाठी. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, त्याने साष्टीत आयुष्य घालवले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' त्या साली रायतूरला छापले, हे वाचकाला ठाऊक असते. त्याने केलेली मराठीची स्तुती तर शाळेपासून पाठ असते. माझे लक्ष मात्र नेहमी पुराणाच्या आरंभाच्या प्रसंगाकडे जाते. धर्मशिक्षणाचा वर्ग चालू आहे आणि नवख्रिस्ती श्रोत्यांतला एक जण पाद्रीला विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही का देत नाही? अख्खा ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभा आहे. मागणी ऐकणाऱ्यांची होती. स्टीफन्सचे मोठेपण हे की त्याने ती ऐकली.

ज्या राजवटीत हे घडले ती सौम्य नव्हती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड पोर्तुगिजांनी गावच्या पुढाऱ्यांवर उगवला. स्टीफन्स तेव्हा त्याच मुलखात होता. त्या धगीत बसून स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणणारी ओवी लिहिणे सोपे नव्हते. हे पुराण शतकभरात तीनदा छापले गेले आणि १६८४ मध्ये सरकारी हुकूम निघाला की लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. तरीही नकला करकरून घराघरांत पुराण टिकले, कारण ते गाता येत होते.

काही अभ्यासक म्हणतात की ओवी हे गळाला लावलेले आमिष होते. हा आक्षेप मी चाळीस वर्षे ऐकतो आहे आणि तो मला कधीच पटला नाही. आमिष गिळले की संपते. इथे गाणारे तीनशे वर्षे गात राहिले आणि नकलणारे स्वतःचा कागद घालून नकलत राहिले. आमिषासाठी इतके कष्ट कोणी घेत नाही.

सेरामपूरचा काळ चटकन ओलांडतो. विल्यम केरी आणि पंडित वैजनाथशर्मा, १८०५ चे व्याकरण, १८१० चा कोश, १८११ चा नवा करार : पाया म्हणून या कामाचा मान मोठा आहे, पण त्या भाषांतरांतले वाक्य मोठ्याने वाचताना श्वास अडतो. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, पुढे नगरला आले, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघाला, १८५७ मध्ये बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले. यावर पुष्कळ लिहून झाले आहे.

मला थांबायचे आहे ते नगरला, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यापाशी. इंग्रजी चालींवर बेतलेली, मराठी जिभेला न पेलणारी गीते देवळात चालू असताना या माणसाने देशी चालींत गीते रचली आणि ख्रिस्ती कीर्तन उभे केले. कवी नारायण वामन टिळकांवर जेवढे लिहिले गेले त्याचा शंभरावा भागही सांगळ्यांच्या वाट्याला आला नाही. स्टीफन्सवर परिसंवाद भरवणाऱ्यांना मी हे वारंवार सांगत आलो आहे. बाहेरून येऊन आपली भाषा शिकणाऱ्याचे कौतुक करावेच, पण घरातल्या माणसाने घरचेच सूर परत मिळवले, हे काम त्याहून अवघड होते.

माझे थोरले चुलते त्या परंपरेतले शेवटचे म्हणावेत असे कीर्तनकार. नाताळच्या आठवड्यात नेवासे तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर त्यांची कीर्तने असत आणि मी, आठ-दहा वर्षांचा, मागे टाळ धरायला उभा असे. गॅसबत्तीचा फसफस आवाज, पेटीचा सूर, अंगावर उपरणे, डोक्याला पागोटे. पूर्वरंगात शास्त्रवचनाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. ऐकायला ख्रिस्ती वस्ती असेच, पण चावडीकडून माळकरी म्हातारेही येऊन बसत. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तो हा मुलूख. त्यांना कीर्तन ऐकायला परवानगी लागत नव्हती.

उधळ्या पुत्राचे आख्यान चुलत्यांचे हुकमी. धाकटा वाटणी मागतो, दूर देशी जातो. त्यांच्या तोंडी तो दूर देश म्हणजे मुंबई असे. पैसा संपतो, डुकरे राखायची पाळी येते, पोरगा परततो आणि बाप त्याला दुरून पाहून धावतो. इथे चुलते थांबत. पेटी बंद. मग ते स्वतः दोन पावले धावत, खांद्यावरचे उपरणे गळून पडे, पागोटे सुटे, आणि ते उचलायला वाकत नसत. समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावत. गावातला कर्ता म्हातारा चारचौघांत धावत नाही, हे तिथे प्रत्येकाला माहीत होते. येशूच्या श्रोत्यांनाही ते माहीत होते. शुभवर्तमानात 'धावत जाऊन' एवढेच शब्द आहेत. इंग्रजीत वाचताना ते मला कधी बोचले नव्हते, त्या पडलेल्या पागोट्याने त्यांचा अर्थ कळला. पराया मुलखातली गोष्ट आपल्या पोशाखात आली म्हणून ती मूळ अर्थापासून लांब गेली नाही, उलट जवळ आली. या एका मुद्द्यासाठी मी आयुष्यभर भांडलो.

टिळकांना हे पुरते उमगले होते. १८९३ मध्ये आगगाडीत हाती आलेला नवा करार, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. पण आपण ख्रिस्तापाशी तुकोबाच्या वाटेने पोहोचलो हे त्यांनी कधी लपवले नाही. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होतो, गुरू होतो. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' काढला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार विसावला. लक्ष्मीबाईंची वाट त्याहून खडतर. पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षे त्या स्वतःशी झगडल्या, त्यांतला काही काळ पंढरपुरात काढला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. सोवळे-ओवळे त्यांच्या मनातून एकेका घोटाने कसे गेले ते 'स्मृतिचित्रे'त आहे. दोन संस्कृतींमधले अंतर कसे ओलांडले जाते हे शिकायचे तर ते पुस्तक वाचावे.

पंडिता रमाबाईंचे मत माझ्या विरुद्ध जाते, ते सांगितलेच पाहिजे. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना त्यांनी जुन्या धर्मकल्पना चिकटलेले संस्कृत शब्द निवडून काढले. केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायकांनी ते छापले आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते पूर्ण बाहेर आले. ज्या शास्त्रांनी बाईला बाहेर ठेवले त्यांचे शब्द त्यांना नको होते. या रागापुढे मी मान लववतो. नारदीय कीर्तन हाही मुळात वरच्या आळीचा प्रकार, ही टीका महारवाड्यातून ख्रिस्ती झालेल्या आमच्याच लोकांनी केली आणि ती रास्त आहे. म्हणून मला माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या कीर्तनाहून मोलाच्या वाटतात. त्या ओव्यांत मरिया बाळंतपणाला माहेरी का गेली नाही, याची खंत असे. कोणत्याही धर्मपंडिताला हा प्रश्न सुचलेला नाही.

वसईच्या कॅथलिक परंपरेबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिन जाऊन मराठी उपासना आली, 'सुवार्ता' मासिकाने एक पिढी घडवली, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' हे आपल्या काळातले या वाटेवरचे सर्वांत मोठे काम. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा ख्रिस्ती मराठी मराठीच आहे हे पुन्हा सिद्ध करावे लागले, याचे मला वाईट वाटले.

आज नगरकडच्या मंडळ्यांत नाताळला पडद्यावर इंग्रजी-हिंदी गीतांचे शब्द झळकतात, कीबोर्ड वाजतो, आणि कीर्तन ठेवलेच तर दहा मिनिटे. टाळ ही मूर्तिपूजेची खूण आहे असे बाहेरून शिकून आलेले तरुण पाळक व्यासपीठावरून सांगतात. त्यांना मी एवढेच विचारतो, कीबोर्ड कोणत्या शास्त्रवचनातून आला? काही वर्षांपूर्वी एका संस्थेने कपाट रिकामे करताना आख्यानांच्या वह्या रद्दीत घातल्या. मी पोहोचलो तेव्हा त्या वजनावर गेल्या होत्या. दोन रात्री मला झोप लागली नाही.

चुलत्यांची उधळ्या पुत्राची वही माझ्याकडे आहे. निळी शाई, सांदीला वाळवीची भोके, आणि शेवटची पाने गळालेली. थोरला भाऊ अंगणात रुसून उभा आहे, बाप त्याला आत बोलावतो आहे, आणि तिथे वही तुटते. त्या आख्यानाची, किंवा कोणत्याही ख्रिस्ती कीर्तनाची, जात्यावरच्या ओव्यांची वही ज्यांच्या घरी माळ्यावर असेल त्यांनी ती टाकू नये. संपादकांच्या पत्त्यावर कळवावे. मी स्वतः येऊन उतरवून घेईन आणि वही ज्याची त्याच्या हाती परत देईन.