रिक्त संच

दिग्रस तालुक्यांतील सर्व गांवांचा एक संच कल्पावा आणि शेजारच्या पुसद तालुक्यांतील गांवांचा दुसरा. दोन्ही संचांत असलेलें गांव कोणतें? अर्थात् कोणतेंही नाहीं. असे संच परस्परांपासून विभिन्न होत. दोन संचांतील समाईक घटकांच्या संचास छेद म्हणतात. समाईक घटक नसल्यास छेदच नाहीं असें मानलें, तर प्रत्येक नियमास ‘छेद असल्यास’ अशी पुरवणी जोडावी लागेल. ती टाळण्यासाठीं एकही घटक नसलेला रिक्त संच गणितानें मान्य केला. जर्मन गणितज्ञ झेर्मेलो यांनीं १९०८ मध्यें संचांचे मूलनियम मांडले, त्यांत त्यास स्थान दिलें.

दिग्रस तालुक्यास समुद्रकिनारा नाहीं. तेव्हां तेथील समुद्रकांठच्या गांवांचा संच रिक्त होय. हा संच दुसऱ्या कोणत्याही संचास जोडला तरी संयोगांत भर पडत नाहीं. छेद घेतला तर हातीं रिक्त संचच येतो. बेरजेंत व गुणाकारांत शून्य जें करितें, तेंच येथें रिक्त संच करितो.

घोटाळा होतो तो पुढें. ज्यांचा छेद रिक्त ते संच विभिन्न, ही व्याख्या. म्हणून रिक्त संच प्रत्येक संचापासून विभिन्न ठरतो. परंतु तोच प्रत्येक संचाचा उपसंचही असतो. जो दुसऱ्याच्या पोटांत सामावला, त्याचें त्याच्याशीं कांहींच समाईक नसावें, हें कसें? हा विरोध केवळ भासमान आहे. उपसंच होण्यास दुसऱ्या संचाबाहेरचा घटक नसणें पुरतें. विभिन्न होण्यास समाईक घटक नसणें पुरतें. जेथें घटकच नाहींत, तेथें दोन्ही अटी आपोआप पाळल्या जातात. इतकेंच नव्हे, तर रिक्त संच स्वतःपासूनही विभिन्न असतो, आणि असा तो एकटाच. कारण ज्यांत एक जरी घटक आहे, त्या संचाचा स्वतःशीं तो घटक समाईक असतोच.

पुसद तालुक्यांतील समुद्रकांठच्या गांवांचा संचही रिक्तच. संचाची ओळख त्याच्या घटकांवरून होत असल्यामुळें दिग्रसचा तो संच आणि पुसदचा हा संच एकच. म्हणजे ते विभिन्न आहेत, पण भिन्न नाहींत! विभिन्न संच वेगळेही आहेत असें म्हणण्यापूर्वीं त्यांपैकीं निदान एक रिक्त नाहीं, हें पाहावें लागतें.

ही सावधगिरी व्यवहारांतही उपयोगी पडते. यवतमाळ जिल्ह्याचे १६ तालुके म्हणजे तेथील गांवांचे १६ विभाग. त्यांत रिक्त संच धरला, तर एकही गांव न हलतां विभाग १७ होतील. म्हणूनच संचाचे विभाग पाडतांना प्रत्येकांत निदान एक घटक असावा, अशी अट गणितज्ञ घालतात.