करडाचा पहिला चीक

शेळीच्या वारेची रचना अशी असते की मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना ओळखून निष्प्रभ करणारी प्रथिने, गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे करडू जवळजवळ निःशस्त्र जन्माला येते आणि त्याचे पहिले संरक्षण व्याल्यानंतरच्या घट्ट, पिवळसर चिकातूनच येते. ही प्रथिने न पचता आतड्यातून थेट रक्तात उतरण्याची वाट तासागणिक अरुंद होत साधारण २४ तासांत बंद होते, म्हणूनच वार पडेपर्यंत चीक रोखून धरण्याची प्रथा अत्यंत घातक ठरते. उस्मानाबादी शेळीला जुळी वारंवार होतात, आणि त्यांतले अशक्त करडू सडापाशी मागे पडते. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात सुमारे २०० मिलि चीक थोडाथोडा करून, आणि पहिला घोट तासाभरात, मिळालाच पाहिजे.