अंगणातील दुसरी अक्षरमाला

तामिळनाडूमध्ये कुंभकोणमच्या परिसरात, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, इन्नंबूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील प्राचीन शिवमंदिरातील देवाचे नाव मोठे अर्थपूर्ण आहे : एळुत्तरिनाथर, म्हणजे अक्षरे जाणणारा नाथ. संस्कृतात त्यालाच अक्षरपुरीश्वर म्हणतात. मंदिराच्या हिशेबनिसावर राजाने संशय घेतला, तेव्हा साक्षात शिवाने त्याचे रूप धारण करून चोख हिशेब राजापुढे ठेवला, अशी येथील आख्यायिका आहे. बँकेच्या ग्राहकांना ती विशेष भावेल! मुलांना शाळेत घालण्यापूर्वी अक्षरारंभासाठी पालक त्यांना श्रद्धेने येथे आणतात.

मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथे तंजावरच्या भोसले राजघराण्याची सत्ता होती. त्याच घराण्यातील सरफोजीराजे दुसरे यांनी आधुनिक विद्यांच्या अध्यापनासाठी नवविद्याकलानिधिशाला स्थापन केली आणि सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. अशा या विद्याप्रेमी भूमीत उभे राहिले की एक विचार मनात येतो. पाटीवरची अक्षरे मूल शाळेत शिकते. परंतु भातखाचरातला बगळा, कालव्याकाठचा बेडूक, कुंपणावरचे फुलपाखरू ही जी दुसरी अक्षरमाला भोवती पसरलेली असते, ती त्याला कोण शिकविणार?

कोसबादचा धडा

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि १९५७ मध्ये ते जवळच्या कोसबाद टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. परिसरातील आदिवासी मुले गुरे राखायला जात, त्यामुळे ती शाळेत येऊ शकत नसत. तेव्हा शाळाच मुलांकडे गेली. गुरे चरत असताना कुरणातच वर्ग भरू लागला आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठीला मिळाला. पाने, फुले, बिया, खडे हीच तेथील शैक्षणिक साधने होती. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या या टेकडीने दाखवून दिले, की परिसर हा शिक्षणातील अडथळा नसून तोच पहिला ग्रंथ आहे.

पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शालेय शिक्षणात अनिवार्य करण्याविषयी निर्देश दिले. राष्ट्रीय हरित सेनेमार्फत अनेक शाळांत पर्यावरण मंडळे स्थापन झाली. ‘परिसर अभ्यास’ तर प्राथमिक वर्गांच्या वेळापत्रकातच आहे. मात्र हा विषय पुष्कळदा चार भिंतींच्या आत, चित्रे पाहून शिकविला जातो. कुरण प्रत्येक शाळेजवळ नसते. पण आवाराचा एक कोपरा बहुतेक शाळांपाशी असतो. त्या कोपऱ्यात सजीवांना अन्न, पाणी, आसरा आणि पिले वाढविण्यास जागा मिळाली, की तेथे अधिवास-बाग तयार होते.

खाल्लेल्या पानाचे मोल

शोभेची बाग आणि अधिवास-बाग यांत मूलभूत भेद आहे. शोभेच्या बागेतील कातरलेली हिरवळ व रंगीत क्रोटन डोळ्यांना सुखावतात. पण तेथे कीटकांना फारसे अन्न मिळत नाही. याउलट एक साधा कढीपत्ता लावून पाहावा. ‘लाइम’ आणि ‘कॉमन मॉरमॉन’ ही फुलपाखरे त्याच्या पानांवर अंडी घालतात. त्यांतून निघालेली सुरवंटाची पिले आरंभी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसतात, मोठी झाल्यावर पानासारखी हिरवी होतात, आणि दोन्ही रूपांमुळे शत्रूची दिशाभूल होते. साधारण महिनाभरात अंडे, सुरवंट, कोष आणि फुलपाखरू या चारही अवस्था मुलांना प्रत्यक्ष पाहता येतात. लिंबाच्या कुळातील झाडांवरच ‘ब्लू मॉरमॉन’ हे फुलपाखरूही वाढते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला.

रुईवर ‘प्लेन टायगर’ येते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये त्याच्या सुरवंटाच्या शरीरात साठतात आणि फुलपाखरू झाल्यावरही त्याचे रक्षण करतात. पांगारा फुलला की मधासाठी पक्ष्यांची गर्दी होते. उंबराच्या फळात चिमुकल्या माश्यांचे जग दडलेले असते. वाळक्या पानांचा ढीग, कुजका ओंडका आणि उथळ पाण्याचे भांडे एवढ्यावर गोगलगाय, सरडा, बेडूक यांची सोय होते.

या बागेची खरी कसोटी मात्र मोठ्यांच्या दृष्टीत आहे. पाने कुरतडलेली दिसताच कीटकनाशकाची फवारणी होते, वाळका पालापाचोळा दिसताच तो जाळला जातो. आणि मग मुलांनी महिनाभर ज्याची वाट पाहिली, तो कोष कायमचा रिकामा राहतो. खाल्लेले पान हा बागेचा दोष नव्हे. कोणीतरी येथे जगत आहे याची ती नोंद आहे. मुख्याध्यापक, पालक आणि शाळेचे शिपाई यांनी एवढे मान्य केले, तरच हा वर्ग टिकतो.

थोडी खबरदारी

बागेचा कोपरा खेळाच्या मैदानापासून थोडा दूर असावा आणि त्याला लहानशी पायवाट ठेवावी, म्हणजे कोणाचा पाय कोठे पडतो हे दिसते. पाण्याचे भांडे दोन-तीन दिवसांनी रिकामे करून घासावे. डासांची अंडी-अळ्या वाढण्यास सुमारे आठवडा लागतो, तेवढी सवड त्यांना देऊ नये. रुईचा चीक डोळ्यांना अपायकारक असल्याने ते झाड कुंपणालगत लावावे. लागवडीचा मुहूर्त पावसावर ठरवावा : महाराष्ट्रात जून-जुलै, तर कावेरीकाठी मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा असल्याने ऑक्टोबरच्या सुमारास.

प्रत्येक वर्गाने एक नोंदवही ठेवावी. तारीख, झाड, त्यावर दिसलेला जीव, त्याचे काम, एवढ्या चारच रकाने. वर्षाअखेर त्याच वहीतून गणिताचे आलेख, भाषेचे निबंध आणि विज्ञानाचे प्रश्न निघतात. पुढील वर्षीचा वर्ग ती पुढे चालवितो आणि मागील नोंदींशी आपल्या नोंदी ताडून पाहतो. ही ठेव दरवर्षी वाढत जाते.

सर्वांत कठीण काळ असतो तो उन्हाळी सुट्टीचा. शाळा बंद, विहीर खोल आणि रोपे कोवळी. त्या दोन महिन्यांत पाणी घालण्याची पाळी गावातील चार घरांनी वाटून घेतली, तर जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा बाग जिवंत असेल आणि पहिल्या दिवशी मुलांना वाचण्यासाठी एखादे नवे पान तयार असेल, कडेने थोडेसे कुरतडलेले.